वेबसाइटवर 'सर्व कुकीज स्वीकारा' दाबलं तर आपली खासगी माहिती जाते का? नाकारलं तर ऑनलाइन अर्ज भरता येतो का?

नाकारा. अर्ज भरता येतो. कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. लॉगिन टिकवणारी कुकी त्या होकार-नकारात धरलेलीच नसते, ती लागतेच. नाकारल्यावर बंद होतात त्या जाहिरातीच्या आणि मोजदादीच्या कुकीज, तेही साइट प्रामाणिक असेल तर.

पण तुम्ही अर्जाचं विचारलंत. गावच्या ऑनलाइन सेवा केंद्रावर बसून तो भरणार असाल तर 'स्वीकारा-नाकारा' विचारणाऱ्या त्या पट्टीपेक्षा मोठी जोखीम केंद्राच्या कॉम्प्युटरवर मागे राहणाऱ्या लॉगिनची आहे, आणि याबद्दल आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रस-दारव्ह्याकडे, अजूनही चुकीचं सांगितलं जातं.

दोन चुलतभावांचं प्रकरण बघा. दोघांना फवारणी पंपाच्या अनुदानाचा अर्ज भरायचा होता. थोरल्याचं लॉगिन ओटीपी टाकून झालं, कागदपत्रं चढवायच्या आत लाइन गेली. इन्व्हर्टर बिघडलेलं, कॉम्प्युटर तडक बंद. थोरला वावरात निघून गेला. चाळीस मिनिटांनी लाइन आली, तेव्हा खुर्चीवर धाकटा होता. केंद्रचालकाने क्रोम उघडून 'रिस्टोअर' दाबलं, पानं जशीच्या तशी उभी राहिली. वर कोपऱ्यात फक्त आडनाव, ते दोघांचं एकच. धाकट्याचा सातबारा आणि पासबुक चढलं, अर्ज सबमिट झाला आणि मेसेज गेला थोरल्याच्या मोबाइलवर. "माहा सातबारा त्याच्या खात्यात गेलाच कसा?" हा धाकट्याचा प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर मिळालं, "साइट हँग होती."

साइट हँग नव्हती. सर्व्हरला, म्हणजे साइट चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, आधीची विनंती कुणाची होती हे मुळात आठवत नाही, म्हणून 1994 साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुलीने कुकी आणली. ओटीपी बरोबर निघाला की सर्व्हर एक लांबलचक क्रमांक तयार करतो आणि ब्राउझरकडे ठेवायला देतो. पुढच्या प्रत्येक पानाला ब्राउझर तोच दाखवतो. एफ12 दाबून 'ॲप्लिकेशन'मध्ये 'कुकीज' उघडा. जावा या प्रोग्रामिंग भाषेवर चालणाऱ्या पोर्टलवर बहुतेक वेळा 'जेसेशनआयडी' नावाची ओळ दिसेल, समोर अक्षर-आकड्यांची माळ आणि मुदतीच्या रकान्यात 'सेशन'. ज्याच्या ब्राउझरात ती माळ, तो सर्व्हरच्या लेखी थोरला. ओटीपी पुन्हा कुणी विचारत नाही.

'सेशन' म्हणजे ब्राउझर बंद केला की कुकी गेली, असं शिकवलं जातं. ते अर्धवट आहे. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'ऑन स्टार्टअप' खाली 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' निवडलेलं असेल तर सेशन कुकीसुद्धा परत येते. आपल्याकडे भारनियमनात उघडी पानं जातात म्हणून हेच सेटिंग केंद्रांवर मुद्दाम चालू ठेवतात. या प्रकरणातही ते चालू होतं. चालकांनो, ते आजच्या आज बदलून 'ओपन द न्यू टॅब पेज' करा.

पोर्टलवाल्यांचीही चूक आहेच. चाळीस मिनिटं कुणी हात लावला नाही तरी लॉगिन जिवंत का ठेवलं? अशा अर्जाला पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. त्या कुकीला 'सिक्युअर' लावा, म्हणजे ती एचटीटीपीएस या कुलूपबंद जोडणीशिवाय जाणार नाही. 'एचटीटीपीओन्ली' लावा, म्हणजे पानात घुसलेल्या स्क्रिप्टला ती वाचता येणार नाही. 'सेमसाइट' किमान 'लॅक्स' ठेवा, म्हणजे दुसऱ्या साइटने मागून पाठवलेल्या विनंतीबरोबर ती जाणार नाही. आणि लॉगआउट दाबल्यावर सर्व्हरवरची नोंद खरोखर मोडा.

आता चालकांचं नेहमीचं तुणतुणं: "कुकी पुसल्या तर ओटीपी परत मागावा लागते. माणूस वावरात, रेंज नाही. मंग काहून पुसाव्या?" अडचण खरी आहे, पण त्यासाठी दुसऱ्याचं लॉगिन उघडं ठेवणं मला कधीच पटणार नाही. उपाय एका क्लिकवर आहे. क्रोममध्ये उजवीकडे वर प्रोफाइलच्या गोल चित्रावर दाबा, 'गेस्ट' निवडा. तुमचं चालकाचं लॉगिन नेहमीच्या खिडकीत तसंच राहतं, गिऱ्हाइकाचं काम गेस्टमध्ये होतं. काम झालं की आधी पोर्टलवरून लॉगआउट, मग खिडकी बंद. हा क्रम उलटा करू नका. नुसती कुकी गेली तर सर्व्हरवरची नोंद मुदत संपेपर्यंत जिवंत राहते, आणि कुणी ती माळ आधीच उचललेली असेल तर त्याचं काम चालूच. दोन गेस्ट खिडक्या एकाच वेळी उघड्या असल्या तर त्यांच्यात कुकी सामायिक असते, इन्कॉग्निटो म्हणजे खासगी खिडकीचंही तसंच. म्हणून पहिल्या माणसाच्या सगळ्या खिडक्या मिटल्याशिवाय दुसऱ्याला बसवायचं नाही.

ज्या कामाला एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, लागतं ते गेस्टमध्ये चालत नाही. तिथे लॉगआउट करून पत्त्याच्या पट्टीत डावीकडच्या खुणेवर दाबा, 'कुकीज अँड साइट डेटा'मध्ये जा, 'मॅनेज ऑन-डिव्हाइस साइट डेटा' उघडा आणि त्या एकाच साइटसमोरचा कचऱ्याचा डबा दाबा. बाकीची लॉगिनं हलत नाहीत.

कायद्याच्या बाजूने: 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळ्या मनाने आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी लागते, ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असावं लागतं, आणि सूचना मराठीत वाचायची सोय द्यावी लागते. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होतात. त्यामुळे 'स्वीकारा' ठळक हिरवं आणि 'नाकारा' तीन पानं आत, अशी पट्टी दिसली की ती साइट तुम्हाला फसवायला बसली आहे असंच मी धरतो. अँड्रॉइड मोबाइलवर क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग, साइट सेटिंग, 'थर्ड-पार्टी कुकीज' (म्हणजे उघडलेल्या साइटखेरीज इतरांनी ठेवलेल्या), तिथे एकदाच 'ब्लॉक' करून ठेवा. एखादं लॉगिन किंवा पेमेंटचं पान त्याने अडलं तर तेवढ्या साइटला सूट द्या.

एक राहिलं. गेस्ट खिडकी मिटली की कुकी जाते, उतरवलेली फाइल जात नाही. आधारची पीडीएफ 'डाउनलोड्स'मध्ये पडून राहते, आणि तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्माचं साल, जे दोन्ही गावात सगळ्यांना ठाऊक असतं. प्रिंट निघाली की चालकाला तुमच्यासमोर ती फाइल शिफ्ट-डिलीट करायला लावा, मगच उठा.