मालक कुलूप बदलतो म्हणतात

प्रश्न: मी आणि माझी जोडीदार सात महिन्यांपासून ठाण्यात घोडबंदर रोडला भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार दोघींच्या नावावर आहे, नोंदणीही झाली आहे. आम्ही जोडपं आहोत हे सोसायटीत कळलं, सेक्रेटरींनी मालकांना फोन केला. काल मालकांचा मेसेज आला : ‘रविवारपर्यंत सामान हलवा, नाहीतर कुलूप बदलतो.’ काय करावं?

उत्तर: चावी देऊ नका.

आधी कडू भाग सांगते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले. तुमचं एकत्र राहणं गुन्हा नाही. पण समलिंगी म्हणून घर नाकारणाऱ्या खासगी मालकाला अडवणारा कायदा आपल्याकडे नाही. २०१९ च्या कायद्याने घर भाड्याने देताना भेदभावाला मनाई केली, ती ट्रान्सजेंडर व्यक्तींपुरती. ही उणीव मला दर वेळी सलते.

तुम्ही मात्र घर शोधत नाही आहात, घरात राहताय. करारावर दोघींचे फोटो आणि अंगठे आहेत ना? मग तोच कागद तुमची ढाल. लायसन्स संपलेलं असलं तरी राहत्या माणसाला मालक परस्पर बाहेर काढू शकत नाही, कायद्याच्या वाटेनेच जावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय. तुमचे तर चार महिने बाकी आहेत.

आता लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो काळ) आणि नोटिशीचं कलम नीट वाचा. कारण न देता महिन्याच्या नोटिशीवर करार संपवायची मुभा असेल, तर मालक ती वापरू शकतात. मुदत संपल्यावर अडून राहू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली भाड्याच्या दुप्पट भरपाई अंगावर येते. सोसायटीचं म्हणाल तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) भाडेकरू ठेवायला तिची परवानगी लागत नाही, मालकाने कळवलं की पुरे.

मेसेजला लेखी उत्तर द्या : करार चालू आहे, भाडं वेळेवर देतोय. भाडं बँकेतूनच पाठवा. पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घ्या. ‘आपसात मिटवा’ म्हणतील, तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका. अर्जात तुमच्या नात्याबद्दल एक शब्दही लिहायची गरज नाही. कुलूप बदलण्याची धमकी पुरेशी आहे. कुलूप बदलण्यापासून मालकांना रोखणाऱ्या कोर्टाच्या मनाई हुकमासाठी ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

करार आणि मेसेजची प्रिंट घेऊन उद्याच जा, रविवारची वाट पाहू नका.