बिघडलेले केस-प्रत्यारोपण दुरुस्त होते का?

"एकदा बिघडलेले प्रत्यारोपण पुन्हा करून घेतले, तर ते सुधारेल की होते तेही जाईल?" त्वचारोगतज्ज्ञांनी समुपदेशनासाठी पाठवलेल्या अनेकांचा हा पहिला प्रश्न असतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून त्यांतील एका गृहस्थांची हकीकत येथे देत आहे.

वय तिशीच्या थोडे पुढे, सोबत मोठी बहीण. खिडकी पाठीमागे येईल अशी खुर्ची सरकवून ते बसले, म्हणजे कपाळावर उजेड पडू नये. पंचविशीत त्यांनी प्रत्यारोपण करून घेतले होते. पुढची केसरेषा भुवयांच्या फार जवळ आणि पट्टीने आखावी तशी सरळ आली होती, शिवाय जिथे एकेक केसाचे ग्राफ्ट (मुळासकट काढून दुसरीकडे लावलेले केस) हवेत तिथे तीन-तीन केसांचे लावल्याने तिथले केस बाहुलीच्या केसांसारखे झुपक्यांनी उभे राहत होते. त्या रेषेमागचे मूळचे केस मात्र नंतरही गळतच राहिले, त्यामुळे रेषा आणि टाळू यांच्यामध्ये मोकळा पट्टा दिसू लागला. "स्थळ आले की हा टोपी शोधतो," असे ताई म्हणाल्या, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत.

अशा वेळी मला आधी हे पाहावे लागते की त्रास दोषाच्या प्रमाणात आहे की नाही. इतरांना जेमतेम दिसणाऱ्या उणिवेसाठी कोणी दिवसाचे तासन् तास आरशासमोर घालवत असेल, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेनेही त्या व्यक्तीचे समाधान होत नाही, आणि तिला आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणे योग्य ठरते. येथे तसे नव्हते, कारण दोष मला टेबलापलीकडूनही दिसत होता, आणि ते मी त्यांना स्पष्ट सांगितले. "उगाच मनाला लावून घेतोस" हे वाक्य त्यांनी घरात पुष्कळ ऐकले होते.

त्यांना हवे होते ते असे, की त्याच महिन्यात आणखी ग्राफ्ट लावून झुपके झाकून टाकावेत. खरी अडचण डोक्याच्या मागच्या भागात होती. कायम टिकणारे केस तिथूनच घेतले जातात, काढलेल्या ग्राफ्टच्या जागी नवा केस उगवत नाही, आणि बहुतेकांच्या बाबतीत जन्मभरासाठी मिळून साधारण पाच-सहा हजारांच्या वर ग्राफ्ट तिथून काढता येत नाहीत. त्यांच्या मानेच्या वर केस बारीक कापले की पांढरे ठिपके दिसत होते, म्हणजे तिथून आधीच वाजवीपेक्षा जास्त काढले गेले होते. म्हणून शल्यविशारदांनी सुचवलेली दुरुस्ती वजाबाकीपासून सुरू होत होती: पुढचे जाड ग्राफ्ट एकेक करून काढायचे, त्यांतले वापरता येतील ते मागच्या मोकळ्या पट्ट्यात लावायचे, रेषा वर सरकवून थोडी वेडीवाकडी ठेवायची आणि तिच्या कडेला फक्त एकेरी केस लावायचे. कमी पडल्यास दाढीचे केस घेता येतात, आणि मागचे ठिपके त्वचेत रंगाचे सूक्ष्म बिंदू भरून लपवता येतात. गळती थांबवणारी औषधे मात्र आधी सुरू करायची, नाहीतर काही वर्षांनी पुन्हा तोच पट्टा उघडा पडतो.

रेषा वर जाणार हे ऐकून ते अस्वस्थ झाले. कपाळ मोठे दिसणे हीच तर त्यांची मूळ भीती होती, आणि आमच्या पुढच्या भेटी बहुतेक त्याच विषयावर खर्च झाल्या. पंचविशीतली केसरेषा परत मिळवायची, की चाळिशीत शोभेल अशी स्वीकारायची, हा निर्णय डॉक्टर घेऊ शकत नव्हते. वडिलांचे जुने फोटो त्यांनी स्वतःहून आणले, तेव्हा बोलणे खऱ्या अर्थाने सुरू झाले.

शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार, हे विचारायला मी त्यांना आग्रहाने सांगितले, कारण पहिल्या वेळी डॉक्टर केवळ रेषा आखून निघून गेले होते. व्हिडिओ पाहणे हे अशा शस्त्रक्रियेचे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ साली लेखी सांगावे लागले, यावरून परिस्थिती कळावी.

ताईंचा शेवटचा प्रश्न लग्नाच्या मुहूर्ताचा होता. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात आणि खरा परिणाम वर्षभराने दिसतो, हे समजल्यावर त्या गृहस्थांनी ठरवले की स्थळे बघणे थांबवायचे नाही, मात्र प्रत्यारोपणाची गोष्ट पहिल्याच भेटीत सांगायची.