जुन्या बुरशी-नमुन्यांच्या नोंदी: नावं 'दुरुस्त' करायची घाई नको

तुमचे प्रश्न दोन. शंभरेक वर्षांपूर्वीच्या वाळवलेल्या बुरशी-नमुन्यांची पाकिटं संगणकावर आणायची, तर कॅमेरा कोणता घ्यावा? आणि लेबलवरची जुनी शास्त्रीय नावं टाइप करतानाच नवी करून टाकावीत का?

कॅमेऱ्याचं चटकन उरकते. स्टँडवर घट्ट बसवलेला, वरून सरळ खाली रोखलेला कुठलाही बरा कॅमेरा चालतो. प्रत्येक फोटोत मोजपट्टी, रंगपट्टी आणि बारकोड हवाच. मूळ फाइल टिफ ठेवा, रोजच्या वापराला जेपेग काढा. खरी गोम दुसऱ्या प्रश्नात आहे.

नावं बदलू नका. म्हणजे बदला, पण वेगळ्या रकान्यात. मी सुरुवातीला हीच चूक केली होती. तांबेऱ्याच्या पाकिटांवर 'एसिडियम बर्बेरिडिस' दिसलं की बेधडक 'पक्सिनिया ग्रॅमिनिस' लिहीत सुटले. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याची एक अवस्था बार्बेरी या काटेरी झुडपाच्या पानावर वाढते हे जर्मन बुरशीतज्ज्ञ डी बारीनं १८६५ मध्येच दाखवलं होतं, त्यामुळे आपण शहाणपणच करतोय असं वाटत होतं. पण जुन्या नावाबरोबर 'या पाकिटात गव्हाची काडी नाही, बार्बेरीचं पान आहे' ही माहितीही पुसली गेली, कारण यजमान वनस्पतीचा (बुरशी जिच्यावर वाढते तिचा) रकाना मी रिकामाच सोडला होता. त्यात २०१० मध्ये गव्हाचा पिवळा तांबेराही बार्बेरीवर वाढतो असं दिसून आलं. म्हणजे काही पाकिटांत माझी दुरुस्ती साफ चुकीची असू शकते. ते सगळं कपाट पुन्हा उघडावं लागलं.

म्हणून लेबलवर जे आहे ते स्पेलिंगच्या चुकांसकट जसंच्या तसं एका रकान्यात. आजचं नाव इंडेक्स फंगोरम किंवा मायकोबँक या बुरशीच्या नावांच्या ऑनलाइन याद्यांत पाहून दुसऱ्यात, आणि शेजारी ते कुणी, कधी ठरवलं ते. एकाच बुरशीच्या वेगवेगळ्या अवस्थांना वेगळी नावं देण्याची मुभा २०११ च्या मेलबर्नमधल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत संपली, तेव्हापासून नावांची उलथापालथ चालूच आहे. आज भरलेलं 'आजचं नाव' पाच वर्षांनी शिळं होईल. लेबल शिळं होत नाही.

तारखांचंही तसंच. एक्सेलचं कॅलेंडर १९०० पासून सुरू होतं. '३/४/१८९८' तिथे निमूट मजकूर म्हणून राहतं, पण '३/४/१९०८' टाकलं की त्याची तारीख होते, आणि तीन एप्रिल की चार मार्च हे तुमच्या संगणकाची सेटिंग ठरवते. तो कॉलम आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. जुन्या संग्राहकांपैकी बरेच जण महिना रोमन अंकांत लिहीत, तोही तसाच उतरवा. ठिकाणाच्या बाबतीत नुसतं शहराचं नाव असेल तर नकाशावर मधोमध टाचणी मारून मोकळं होऊ नका. डार्विन कोअर या नमुन्यांच्या नोंदींसाठीच्या ठरलेल्या रकान्यांच्या मांडणीत अक्षांश-रेखांशांची अनिश्चितता मीटरमध्ये लिहायची सोय आहे, ती वापरा.

आता पाकीट उघडण्याबद्दल. खाली पांढरा कागद अंथरल्याशिवाय उघडू नका. चौघडी उलगडली की आत वाळून लाकडासारखी तपकिरी झालेली अळंबीची छत्री, तळाशी थोडी भुकटी आणि पेन्सिलनं लिहिलेली बोटभर चिठ्ठी: 'ताजी असताना मोडली तर चीक पांढरा, मग जांभळट.' त्या तपकिरी तुकड्याकडे कितीही वेळ पाहिलंत तरी हे कळणार नाही. मी तर म्हणेन, नमुन्याचा फोटो एक वेळ बिघडला तर चालेल, चिठ्ठीचा नको. दोन्ही बाजूंचा घ्या. मागे बऱ्याचदा दुसऱ्याच कुणीतरी बीजाणूंची मापं लिहून ठेवलेली असतात. भुकटी फुंकून टाकू नका, बीजाणू त्यातच असतात.

हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. कीड लागू नये म्हणून जुन्या संग्रहांत मर्क्युरिक क्लोराइड हे पाऱ्याचं विषारी रसायन लावायची पद्धत होती, आणि लावल्याचं पाकिटावर लिहिलेलं असेलच असं नाही. त्या टेबलावर चहा नको.

कंटाळा येईल तेव्हा बटाट्याचा करपा आठवा. एकोणिसाव्या शतकात वाळवून ठेवलेल्या रोगट पानांतून डीएनए काढून २०१३ मध्ये आयर्लंडमध्ये दुष्काळ पाडणाऱ्या करप्याच्या साथीमागचा वाण ओळखला गेला. (करपा आणणारा फायटोफ्थोरा हा जीव खरं तर बुरशीच नाही, पण जुन्या लोकांनी त्याला याच कपाटांत जागा दिली, म्हणून तो टिकला.) पानावर तारीख आणि गाव नसतं, तर त्या डीएनएवरून साथ कुठे, कधी होती हे सांगता आलं नसतं.

एकाच पानावर तांबेरा आणि भुरी दोन्ही निघाल्या तर बारकोड एकच ठेवा, नोंदी दोन करा आणि दोन्हींत एकमेकींचा क्रमांक लिहा. पान कापून दोन पाकिटं करायचा मोह होतो. मलाही झाला होता. कापू नका.