एक्सेलमधला आंब्याच्या पेट्यांचा हिशेब स्क्रीनवर नीट दिसतो, मग प्रिंटमध्ये शेवटचा रकाना दुसऱ्या पानावर का जातो?

स्क्रीनला पान नसतं, कागदाला असतं. बागायतदार, तारीख, डझन, पेट्या, भाडं, हमाली असे रकाने उजवीकडे वाढत जातात, पण ए४ची रुंदी २१० मिमीच, त्यातून समास वजा. बऱ्याचदा सेटिंगमध्ये कागद 'लेटर' असतो. तो २१६ मिमी रुंद, म्हणजे ए४वर आलात की सहा मिमी गेले आणि 'एकूण' पुढच्या पानावर!

दुसरं कारण अक्षरांचं. एक्सेल रकान्याची रुंदी मूळ फॉन्टच्या अंकांवरून मोजतं. स्क्रीनवर ती पिक्सेलमध्ये बसवली जाते, प्रिंटर मात्र बारीक ठिपक्यांनी स्वतःचं माप लावतो. म्हणून काठोकाठ बसलेला आकडा कागदावर ##### होतो. रकाने जरा सैल ठेवा. पेटी भरतानाही आपण पेंढ्याला जागा ठेवतोच की.

स्क्रीनवरच्या चौकटींच्या फिकट रेषा कागदावर उमटत नाहीत, कारण एक्सेल त्या आपणहून छापत नाही, बॉर्डर द्या.

पेज लेआउटमध्ये कागद ए४, आडवा, रुंदी १ पान, उंची ऑटोमॅटिक करा. रत्नागिरीत स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे फाइल न्यायची तर पीडीएफच न्या; त्याच्याकडे तुमचा मराठी फॉन्ट नसला तर सगळी मापं पुन्हा हलतात.