इम्प्लांटनंतर ओठ बधिर झाला, आता काय?

प्रश्न : माझ्या आईचे वय ६३ असून तिला मधुमेह आहे. अडीच महिन्यांपूर्वी तिच्या खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवले. पहिला महिना बरा गेला. नंतर ठणका सुरू झाला, हिरडीतून पू येऊ लागला आणि आठवडाभर त्या बाजूचा ओठ बधिर आहे. एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. अँटिबायोटिक दोनदा बदलून झाले. आणखी थांबावे काय?

उत्तर : थांबू नये, दोन-तीन दिवसांतच तोंड व जबड्याच्या शल्यविशारदांना दाखवावे. शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच ओठ बधिर असता, तर जबड्यातून जाणाऱ्या नसेला इम्प्लांटमुळे इजा झाली असावी, असे प्रथम मनात आले असते. पण महिनाभर सारे सुरळीत राहून मग ठणका, पू आणि त्यामागोमाग बधिरता येते, तेव्हा जंतुसंसर्ग हिरडीपुरता न राहता हाडातून त्या नसेपर्यंत पोहोचल्याची शंका घ्यावीच लागते. असा संसर्ग, म्हणजे ऑस्टिओमायलायटिस, इम्प्लांटनंतर क्वचितच होतो. झालाच तर बहुधा खालच्या जबड्यात, कारण तेथील हाड घट्ट असून रक्तपुरवठा वरच्या जबड्याच्या मानाने तोकडा असतो.

एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका. हाडातील सुमारे ३० ते ५० टक्के खनिजे कमी होईपर्यंत साध्या एक्स-रेवर फरक उमटत नाही. त्यासाठी सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचे त्रिमितीय चित्र देणारी एक्स-रे तपासणी, लागतो. अँटिबायोटिक दोनदा बदलले, पण पू कल्चरसाठी पाठवला होता का? जंतू कोणता हे न पाहता गोळ्या बदलत राहणे मला मुळीच पटत नाही. संसर्ग निश्चित झाल्यास बहुधा इम्प्लांट काढून मृत हाड खरवडावे लागते आणि अँटिबायोटिक काही आठवडे चालते. पाच दिवसांचा कोर्स येथे पुरत नाही.

आईंच्या औषधांचा डबाही एकदा पाहा. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याला अलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचे सलाईन किंवा सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचे इंजेक्शन चालू असेल, तर ते आवर्जून सांगावे. साखरेची गोळी सगळे सांगतात, हाडांची मात्र सांगायची राहून जाते. आणि या औषधांमुळेही जबड्याचे हाड मृत होऊन उघडे पडू शकते. ती परस्पर बंद करू नका, कारण डेनोसुमॅबमध्ये खंड पडल्यास मणक्यांची हाडे मोडण्याचा धोका वाढतो. गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी लगेच करून घ्यावी. ताप चढला, हनुवटीखाली सूज आली किंवा गिळणे अवघड झाले, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.