वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : पेंटबॉलच्या मैदानावरची तारांची पेटी

एका संघाने खोट्या बॉम्बची पेटी राखायची, दुसऱ्याने तिथवर पोहोचून वेळ संपायच्या आत बरोबर तार कापायची, हा पेंटबॉलमधला डाव आता आपल्याकडच्या मैदानांवरही मागितला जातो. पेटी घरी बनवण्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांतली पेटी घड्याळ दाखवते आणि आवाज करते, याहून जास्त काही करत नाही. तिने तसेच राहावे असे आमचे ठाम मत आहे. कारण पुढे येईलच.

प्रश्न : पाच तारांची पेटी करायची आहे. सामान काय लागेल? आणि तार कापली हे पेटीला कळते कसे?

उत्तर : एक अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड), चार आकड्यांचा टीएम१६३७ डिस्प्ले, एक पिझो बझर, एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, एक किलोओहमचा एक आणि २.२ किलोओहमचे पाच रेझिस्टर, एक बटण, किल्लीचा एक स्विच, एए आकाराचे सहा रिचार्जेबल सेल व त्यांचा होल्डर, स्पीकरला असतात तसे दाबून तार अडकवायचे दहा टर्मिनल आणि रबरी कडेची एबीएस प्लॅस्टिकची पेटी. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळे एका फेरीत मिळते.

तत्त्व सोपे आहे. प्रत्येक तारेचे एक टोक नॅनोच्या पिनला आणि दुसरे ग्राउंडला जोडायचे. पिनपासून ५ व्होल्टकडे २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा. तार शाबूत असेपर्यंत पिनवर शून्य व्होल्ट असतात. तार तुटली की रेझिस्टर पिनला ५ व्होल्टकडे ओढतो आणि प्रोग्रॅमला कापल्याचे कळते.

नॅनोच्या पिनांपैकी तारांसाठी डी२ ते डी६, बटणाला डी७, डिस्प्लेला डी८ व डी९ आणि बझरला डी१० घ्या. डी० आणि डी१ यूएसबीच्या संवादासाठी लागतात, त्यांना हात लावू नका. डी१३ वर बोर्डाचाच एलईडी बसलेला असतो, त्यामुळे तिथे तारेची नोंद गडबडते. ए६ आणि ए७ नॅनोवर फक्त अॅनालॉग वाचतात. सहावी-सातवी तार वाढवताना बहुतेक जण नेमके तिथेच अडकतात. त्याऐवजी ए० ते ए३ वापरा, त्या साध्या डिजिटल पिनसारख्याच चालतात.

कापायची तार लॅन केबलमधून काढा. आत अर्धा मिलिमीटर जाडीच्या एकेरी तांब्याच्या आठ तारा असतात : केशरी, हिरवी, निळी, तपकिरी आणि याच रंगांच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या चार. एक मीटर केबलमधून १५ सेंटीमीटरचे ४८ तुकडे निघतात. केबल घेताना ‘सॉलिड’ आहे ना, हे पाहून घ्या. बारीक धाग्यांची असेल तर ती टर्मिनलमध्ये नीट धरत नाही आणि एखादा धागा चिकटून राहिला तरी पेटीला तार शाबूत वाटते.

प्रश्न : कोरड्या दिवशी पेटी व्यवस्थित चालते. पावसाळी खेळात मात्र तार कापूनही ती दाद देत नाही, आणि कधी कोणी काही न कापताच ‘चुकीची तार’ म्हणून ओरडते. दोष प्रोग्रॅममध्ये आहे का?

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्याचा प्रोग्रॅमशी संबंध नाही.

बरेच जण बाहेरचा रेझिस्टर न लावता चिपच्या आतला पुलअप, म्हणजे पिनला ५ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर, वापरतात. तो २० ते ५० किलोओहमचा असतो. नॅनोवरची एटीमेगा३२८पी चिप ५ व्होल्टवर चालते तेव्हा पिनवर किमान ३ व्होल्ट आल्यावरच ती ‘तार तुटली’ असे खात्रीने वाचते. आता टर्मिनलांवर ओला चिखल आणि फुटलेल्या गोळीतला रंग यांचा थर बसला आहे असे समजा. तार कापली तरी या थरातून थोडी वीज ग्राउंडकडे जातच राहते. आतला पुलअप ३५ किलोओहमचा धरला, तर थराचा रोध साधारण ५२ किलोओहमच्या खाली गेला की पिनवर ३ व्होल्ट येतच नाहीत. ओल्या चिखलाला तेवढे खाली जाणे अवघड नाही. बाहेरून २.२ किलोओहम लावले की हीच मर्यादा ३.३ किलोओहमवर येते आणि पेटी जवळपास सोळापट जास्त ओल सोसते. किंमत म्हणाल तर प्रत्येक तारेमागे सव्वादोन मिलिअँपिअर, पाच तारांचे मिळून सुमारे सव्वाअकरा.

याच्या जोडीला टर्मिनलांची जागा बदला. पिनची आणि ग्राउंडची टर्मिनल शेजारीशेजारी नसावीत. पिनची पाच झाकणाच्या एका कडेला, ग्राउंडची समोरच्या कडेला बसवा आणि तार मधून कमानीसारखी जाऊ द्या. गळतीची वाट दहा-बारा सेंटीमीटर लांब झाली की निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. कमानीखाली कात्रीलाही जागा मिळते. दोन तारांमध्ये किमान अडीच सेंटीमीटर अंतर हवे, नाहीतर घाईत एका फटक्यात दोन कापल्या जातात आणि मग वाद पंचांपर्यंत जातो.

दुसरे दुखणे धक्क्याचे. पेंटबॉलची गोळी सुमारे ३ ग्रॅमची आणि मैदानावरची वेगमर्यादा साधारण सेकंदाला ३०० फूट, म्हणजे पेटीवर जवळपास १२ जूलचा ठोसा बसतो. दाबाचे टर्मिनल त्याने क्षणभर सैल होते. प्रोग्रॅम पहिल्याच वाचनावर निर्णय देत असेल तर तो न कापलेली तार कापली म्हणणारच. पिन सलग १५० मिलिसेकंद उघडी राहिली तरच कापल्याची नोंद करा. मध्ये एकदाही शून्य आले तर मोजणी पहिल्यापासून सुरू. नोंद एकदा झाली की ती पक्की, मग टोके पुन्हा एकमेकांना लागली तरी फरक पडू नये.

एक बारकावा माहीत नसला की पेटी उगाच ‘मंद’ वाटते. तार कापल्यावर कात्रीची पाती मिटलेली राहतात तोवर दोन्ही टोके पात्यांच्या धातूला टेकलेली असू शकतात आणि पाती खिळ्याने जोडलेली असतात, त्यामुळे विजेच्या दृष्टीने तार अजून अखंडच असते. कात्री उघडली की नोंद होते. शेवटच्या सेकंदाला कापणाऱ्यासाठी हा अर्धा सेकंद फार मोठा. म्हणून नियम खेळाआधीच सांगा : पेटीने आवाज दिला तो क्षण खरा.

धक्के आणि सैल तारा यांवर सगळ्यात चांगला उपाय खेळ सुरू होण्याआधीचा आहे. किल्ली फिरवल्यावर पेटीने आधी पाचही तारा तपासाव्यात आणि एखादी उघडी असेल तर तिचा क्रमांक डिस्प्लेवर दाखवून सुरू व्हायला नकार द्यावा. प्रोग्रॅमच्या आठ-दहा ओळींचे हे काम आहे, टाळू नका.

प्रश्न : प्रोग्रॅम दर खेळात वेगळी तार निवडतो असे वाटले होते, पण पेटी सुरू केली की पहिल्या डावात बहुधा तीच तार बरोबर निघते. असे का? आणि खेळाडू अंदाजाने कापतात, ते कसे थांबवायचे?

उत्तर : यादृच्छिक आकड्यांना सुरुवातीचे बीज, म्हणजे आरंभाचा एक आकडा, लागतो; बीज तेच असले की निवडही तीच होते. मोकळ्या अॅनालॉग पिनचे वाचन बीज म्हणून देण्याची पद्धत आहे, पण ते वाचन बऱ्याचदा त्याच चार-दोन आकड्यांत घुटमळते. त्यापेक्षा पंच सुरुवातीचे बटण दाबेल त्या क्षणी मायक्रोसेकंदांचे घड्याळ वाचा आणि तो आकडा बीज म्हणून द्या. माणसाचे बोट दोनदा त्याच मायक्रोसेकंदाला पडत नाही.

अंदाजाचे गणित मांडून पाहा. पाचातली एक तार बरोबर असेल तर डोळे मिटून कापणाऱ्यालाही २० टक्के संधी आहे. पाचातल्या दोन ठराविक क्रमाने कापायच्या ठेवल्या तर २० पैकी एक, म्हणजे ५ टक्के. सहातल्या तीन क्रमाने असतील तर १२० पैकी एक. नव्या खेळाडूंसाठी दोनचा क्रम पुरे, कारण क्रमाच्या खुणा मैदानावर शोधायच्या असतात आणि तिसरी खूण सापडेपर्यंत अर्धा संघ बाद झालेला असतो. चुकीच्या तारेला डाव लगेच संपवू नका. उरलेला वेळ निम्मा करा आणि बझरची टिकटिक दुप्पट वेगाने चालवा. हल्ला करणाऱ्यांची धावपळ आणि राखणाऱ्यांचा उत्साह, दोन्ही तिथे वाढतात.

बरोबर तार दर डावात बदलत असेल तर खुणांचे पत्ते आधी छापून ठेवता येत नाहीत, ही अडचण खरी आहे. सोपी वाट अशी : पत्त्यांचे दहा संच करून ठेवा, पेटीने सुरुवातीला फक्त संचाचा क्रमांक दाखवावा आणि पंचाने तो संच मैदानावर लपवावा.

तारांना रंगाबरोबर मोठे क्रमांकही द्या. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे खेळाडू असतात, आणि धुके धरलेल्या मास्कमधून निळा नि हिरवा कोणालाच नीट ओळखू येत नाही. पेटीवर काम करतानाही मास्क उतरवायचा नसतो, या नियमाला सवलत नाही.

प्रश्न : वेळ संपताना बझर जोरात वाजला की पेटी बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

उत्तर : तुमच्या पेटीत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असणार. तिची साठवण साधारण ५०० मिलिअँपिअर-तास, आणि जास्त प्रवाह ओढला की तिचा व्होल्टेज बसतो. नॅनो, डिस्प्ले, तारा मिळून सुमारे १०० मिलिअँपिअर घेतात, त्यात बझर आला की चिप रीसेट होते. एए आकाराचे सहा रिचार्जेबल सेल लावा. त्यांचे ७.२ व्होल्ट नॅनोच्या ‘व्हीआयएन’ पिनला द्या, ‘५ व्होल्ट’च्या पिनला कदापि नको. २००० मिलिअँपिअर-तासाचे सेल पूर्ण दिवस सहज काढतात. पुरवठ्याच्या तारांवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवा. बझर थेट पिनवरून न चालवता बीसी५४७ मधून चालवा, पिन आणि बेस यांच्यामध्ये एक किलोओहम. ३ ते २४ व्होल्टवर चालणारा पिझो बझर घेतला तर तो सेलांच्या ७.२ व्होल्टवर मोठा वाजतो आणि प्रवाहही थोडाच घेतो.

पॉवर बँक वापरणाऱ्यांना उलटा त्रास होतो. पेटी फार कमी वीज घेते म्हणून पॉवर बँक स्वतःच बंद होते. ५ व्होल्टवर ४७ ओहमचा, २ वॅटचा रेझिस्टर टाकला की आणखी शंभरेक मिलिअँपिअर वाहतात आणि ती बहुधा चालू राहते. तो तापतो, प्लॅस्टिकला टेकू देऊ नका.

उरलेला वेळ ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी नोंद टिकवणाऱ्या चिपमधल्या जागेत) जपायचा असेल तर दर सेकंदाला लिहू नका. एका जागेवर साधारण एक लाख वेळा लिहिण्याची हमी असते. दहा मिनिटांच्या डावात दर सेकंदाला लिहिले तर १६६ डावांत ती संपते. दर दहा सेकंदांनी लिहिले तर सोळाशेहून जास्त डाव मिळतात.

प्रश्न : दोन पेट्यांच्या घड्याळांत दहा मिनिटांत दोन-तीन सेकंदांचा फरक पडतो.

उत्तर : नॅनोवर बहुधा क्वार्ट्झऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्यात अर्ध्या टक्क्याची चूक धरली तरी ६०० सेकंदांत ३ सेकंद होतात. दोन्ही पेट्या मोबाइलच्या घड्याळाशी ताडून प्रोग्रॅममधला सेकंद दुरुस्त करा. फरक याहून मोठा असेल तर प्रोग्रॅममध्ये ‘डिले’ ही थांबून राहण्याची आज्ञा वापरली आहे का ते पाहा. ‘डिले’ चालू असताना पेटी तारांकडे बघतही नाही. सगळी मोजणी ‘मिलिस’वर, म्हणजे बोर्डाच्या चालू मिलिसेकंद-घड्याळावर, करा.

प्रश्न : वेळ संपल्यावर नुसत्या आवाजात मजा नाही. धुराची नळकांडी किंवा छोटा फटाका पेटवता येईल का?

उत्तर : नाही, आणि त्याची जोडणी आम्ही सांगणार नाही. पेटीवर त्या क्षणी एखादा खेळाडू वाकलेला असतो, चेहरा अर्ध्या मीटरवर. वर वाचलेच असेल की सैल टर्मिनल, ओल आणि बसलेला व्होल्टेज यांनी पेटी चुकीच्या वेळी निर्णय देऊ शकते. बझर चुकला तर डाव पुन्हा खेळता येतो. वाळलेल्या गवताच्या मैदानावर ठिणगीची चूक दुरुस्त होत नाही. परिणाम हवा असेल तर पेटीवर लाल एलईडीची पट्टी फिरवा आणि पंचाच्या हातात मोठा भोंगा द्या.

प्रश्न : पेटी खऱ्यासारखी दिसावी म्हणून लाल नळ्या आणि गुंडाळलेल्या तारा लावल्या आहेत. आणखी काय करता येईल?

उत्तर : त्या काढून टाका. ३१ जानेवारी २००७ रोजी अमेरिकेत बोस्टन शहरात जाहिरातीसाठी लावलेले एलईडीचे फलक लोकांना बॉम्ब वाटले. रस्ते आणि पूल बंद झाले, आणि जाहिरात देणाऱ्यांना २० लाख डॉलर भरावे लागले. ते फलक तर बॉम्बसारखे दिसावेत म्हणून बनवलेही नव्हते. पेटी भडक पिवळी किंवा गुलाबी रंगवा. ‘खेळाचे साहित्य’ असे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहा, खाली मैदानाचा फोन नंबर द्या. पाहताक्षणी आत काय आहे ते दिसावे म्हणून झाकण पारदर्शक ठेवा. त्यासाठी ३ मिलिमीटरचे पॉलिकार्बोनेट घ्या. अॅक्रिलिक गोळीने तडकते. रंग पाण्याने धुऊन निघतो, थिनर लावला की पॉलिकार्बोनेट पांढरट पडते.

नेताना सेल बाहेर काढा, तारा उतरवा. लोकल, मेट्रो, विमानतळ इथे ती नेऊच नका आणि गाडीत मागच्या काचेतून दिसेल अशी ठेवू नका. खेळ संपल्यावर मैदानावरून पहिली उचलायची वस्तू हीच.

प्रश्न : लहान मुलांच्या गटाला कात्री द्यावी का?

उत्तर : नको. तारांच्या दोन्ही टोकांना ४ मिलिमीटरचे बनाना प्लग लावा आणि झाकणावर त्यांचे सॉकेट. मुलांनी कापण्याऐवजी तार उपटायची. जोडणी आणि प्रोग्रॅम तोच, तारही पुन्हा वापरता येते. फक्त सलग उघडे राहण्याची मर्यादा १५० वरून ३०० मिलिसेकंदांवर न्या, कारण मुले प्लग हलवून पाहतात. मोठ्यांसाठी बोथट टोकाची कात्री पेटीला ४० सेंटीमीटर दोरीने बांधून ठेवा. पक्कड किंवा टोकदार कटर खेळाडूंच्या खिशात नको. कापलेल्या तांब्याची टोके टोचतात, म्हणून प्रत्येक डावानंतर तुकडे मोजून उचला. एका कापलेल्या तारेचे दोन तुकडे, तेवढे भरले पाहिजेत.