७८०५ आयसी (जास्त व्होल्टेजचे स्थिर ५ व्होल्ट करून देणारी चिप) तापून बंद पडतो आणि थंड झाला की आपोआप सुरू होतो. तो खराब झाला आहे का?

नाही, बदलू नका. तुम्ही लिहिलंय की माटोळीभोवतीच्या (गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीभोवतीच्या) दिव्यांचा कंट्रोलर १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो, दिवे ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतात आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं विझतं. म्हणजे आयसी अगदी धडधाकट आहे, तो स्वतःचा जीव वाचवतोय.

हिशेब करा. १२ मधून ५ गेले, ७ व्होल्ट उरले. गुणिले अर्धा अँपिअर, साडेतीन वॉट. हे सगळे त्या नखाएवढ्या तुकड्यात उष्णता म्हणून जिरतात. हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी, नसेल तर दर वॉटमागे आतली चिप साधारण ६० अंशांनी तापते, म्हणजे दोनशेच्या वर. त्यात चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांतली आपली दमट हवा आणि वर थर्माकोलचं खोकं! दीडशेच्या आसपास तो हात टेकतो.

हे त्याला कळतं कसं, हा यातला खरा गमतीचा भाग. सिलिकॉन ट्रान्झिस्टर चालू व्हायला बेसवर (त्याला चालू-बंद करणाऱ्या पायावर) साधारण ०.६ व्होल्ट लागतात, पण तापमान एका अंशाने वाढलं की ही गरज सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. चिपवर मुख्य ट्रान्झिस्टरच्या शेजारीच एक छोटा ट्रान्झिस्टर असतो. त्याच्या बेसवर मुद्दाम ०.३५ व्होल्टच्या आसपास दाब ठेवलेला असतो. एरवी तो झोपलेला. चिप खोलीच्या तापमानाहून सव्वाशे अंशांनी जास्त, म्हणजे दीडशेच्या आसपास तापली की तेवढा दाब त्याला पुरतो, तो जागा होतो आणि मुख्य ट्रान्झिस्टरच्या बेसचा करंट स्वतःकडे ओढून घेतो. आउटपुट बंद. बाहेर थर्मिस्टर (तापमान ओळखणारा सुटा भाग) चिकटवला असता तर उष्णता तिथवर पोचेपर्यंत उशीर झाला असता.

ही करामत बाजारात आणली अमेरिकन चिप-रचनाकार बॉब विडलर यांनी. १९६५ चा त्यांचा ७०९ हा ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी चिप) गाजला, पण आउटपुट शॉर्ट झालं की तो जळायचा. १९६७ च्या एलएम१०१ मध्ये त्यांनी शॉर्ट-सर्किटपासून बचाव घातला आणि १९६९ च्या सुमारास तीन पायांचा एलएम१०९ आणला: ५ व्होल्ट, करंटवर मर्यादा आणि तापला की बंद, सगळं एकाच चिपवर. तुमचा ७८०५ त्याच वाटेवरचा.

मी फोंड्यात दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या बोर्डातले तीन ७८०५ लागोपाठ बदलले होते. तिन्ही तसेच वागले. शेवटी स्क्रू ड्रायव्हर लावला तर हीटसिंकचा स्क्रू अर्धा फेरा सैल! खाली उष्णता हीटसिंककडे नेणारी पेस्ट तर वाळून खपली झालेली. गिऱ्हाइकाकडून आयसीचे पैसे घ्यायला तोंड नव्हतं.

आता तुमचं. हीटसिंक लावा, मध्ये पेस्टचा पातळ थर द्या. इनपुटच्या वाटेत ८.२ ओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर टाकला तर चार व्होल्ट तिथेच पडतील आणि आयसीवर दीड वॉटच्या आत भार राहील. रेझिस्टर तापेल, तो थर्माकोलला टेकू देऊ नका. त्याहून सरळ उपाय म्हणजे ७८०५ ऐवजी बक मॉड्यूल (फारसं न तापता व्होल्टेज कमी करणारा तयार बोर्ड), मी आजकाल तेच लावतो. खोक्याला वर-खाली भोकं पाडायला विसरू नका.

आणि या बचावाला रोजचा स्विच समजू नका. पुन्हा पुन्हा तापून थंड झाल्याने चिपचे आतले जोड हळूहळू थकतात. उलटा जोडलेला अडॅप्टर किंवा पावसाळ्यात वीज कडाडल्यावर लाइनमधून येणारी उसळी यांच्यापुढे तर त्याचं काहीच चालत नाही. तेव्हा मात्र आयसी खरंच जातो आणि थंड झाला तरी परत येत नाही.

माझे ते तीन काढलेले आयसी? अजून टेस्टिंगच्या बोर्डवर चालतायत.